काळ्या मातीवर हिरवी चटई

मागच्या अंकात शेततळ्याच्या कागदाबद्दल लिहिलं होतं, त्यावर शेतकऱ्यांची पत्रं येतील असं वाटलं होतं, तर आली ती फार्महाऊसवाल्यांची. तळं नाही, स्विमिंग पूल. आणि सगळ्यांना पूलच्या कडेला नकली गवत टाकायचंय किंवा टाकून पस्तावलेत. त्यामुळे या वेळी सगळा कॉलम त्याच्यावरच.

प्रश्न : नमस्कार भाऊ. जळगावजवळ मळ्यात आमचं फार्महाऊस आहे, तिथं तीन वर्षांपूर्वी पूल बांधला, २४ बाय १२ फुटांचा. चारी बाजूंनी आठ-आठ फूट लॉन लावली होती. पण बोअर फेब्रुवारीतच दम तोडते, त्यात पोरं ओल्या पायांनी तुडवतात, त्यामुळे आता पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात धूळ. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) दोघी बहिणी लेकरं घेऊन येतात, त्याच्या आत आर्टिफिशियल गवत टाकायचंय. एक डीलर ५५ रुपये फुटानं द्यायला तयार आहे, म्हणतो आहे त्या मातीवर अंथरून देतो, एका दिवसात काम. देऊ का ऑर्डर?

उत्तर : नका देऊ. भाव बरा की वाईट ते सोडा, "आहे त्या मातीवर" हे जे तो म्हणतोय तिथंच मला घोर आहे. तुमची माती काळी असणार, तापीच्या काठाची कापसाची काळी. ती कशी वागते ते तुम्हाला मी काय सांगू, मे महिन्यात वावरात उभं राहा, भेगेत मनगटापर्यंत हात जातो, आणि मिरगाचे दोन पाऊस झाले की तीच माती फुगून भेगा गायब. पाणी पिऊन फुगायची आणि वाळून आकसायची हीच तिची जात. आता अशा जमिनीवर तुम्ही सपाट हिरवी चटई अंथरणार, एका बाजूला पूलचं पाणी रोज उडणार, दुसऱ्या बाजूला कोरडं ठाक. म्हणजे अर्धी माती फुगलेली अर्धी फाटलेली, आणि वरच्या गवताला लाटा. पहिल्या पावसाळ्यानंतर तिथं चालताना गादीवर चालल्यासारखं वाटेल आणि खोलगट जागी पाणी साचून वास मारायला लागेल तो वेगळाच.

म्हणून गवताचा विचार शेवटी करायचा, आधी खालचं काम. काळी माती दहा इंच खोल काढून टाका, तुमच्याच वावरात पसरा, वाया जात नाही. खाली जिओ कापड अंथरा म्हणजे माती वर येऊन खडीत मिसळणार नाही. त्यावर सहा इंच मुरूम, पण एकदम नाही, तीन-तीन इंचांच्या दोन थरांत, पाणी मारून ठोकून. पूलच्या भिंतीला लागून दोन फुटांत मशीन लावू देऊ नका, तिथं हाताची धुम्मस बरी, भिंतीला हादरा बसत नाही आणि पाइपांवर दाबही येत नाही. मुरमावर तीन इंच खडी, खडीवर इंचभर कच म्हणजे खडीचा बारीक चुरा, आणि कच लाकडी पट्टीने ओढून एकसारखी. ढाळ पूलकडून बाहेरच्या बाजूला, आठ फुटांत एक इंच पुरतो. गवंडी म्हणेल पूलकडे ढाळ देऊ म्हणजे पाणी परत टाकीत जाईल, त्याला प्रेमाने नाही म्हणा, नाहीतर पावसाळ्यात सगळा गाळ तुमच्या पाण्यात. बाहेरच्या कडेला खडीत भोकं पाडलेला चार इंची पीव्हीसी पाइप टाका आणि तो लांब एखाद्या निंबाच्या आळ्यात नाहीतर शोषखड्ड्यात सोडा. पाइपांच्या कारखान्यांच्या जळगावात राहून पाइपात कंजूषी करणारा माणूस मला अजून भेटायचाय, आणि तरी बरेच लोक नेमका हाच पाइप वाचवतात.

आता आठ फुटांचं. सगळे आठ फूट गवत घेऊच नका असं माझं मत. पूलला लागून तीन फूट फिक्या रंगाची खरबरीत फरशी ठेवा, गुळगुळीत नको, ओल्या पायाने घसरतं. उरतात पाच फूट. गवताचा रोल साधारण दोन मीटर रुंद येतो, म्हणजे साडेसहा फूट, त्यात पाच फुटांचा पट्टा एका अंगात बसतो, लांबीचा जोड एकही येत नाही. आठ फूट केलं असतं तर चारी बाजूंनी मध्ये जोड आला असता, आणि गवत खराब व्हायची सुरुवात नेहमी जोडापासूनच होते. हिशेब करून पाहिला, दोन लांब बाजू ४०-४० फूट आणि दोन आखूड १८-१८, मिळून ११६ फूट लांबी. कापून उरलेली दीड फुटाची पट्टी ओट्याला, बाल्कनीला कुठंही कामी येते. एक तोटा सांगून ठेवतो, कोपऱ्यावर दोन पट्ट्यांच्या पात्यांची दिशा वेगळी पडते त्यामुळे रंग थोडा गडद-फिका दिसतो. मी म्हणतो दिसू द्या, जोड उसवण्यापेक्षा ते परवडलं.

गवत घेताना डीलर मिलिमीटर सांगतो, ३५ आहे, ४० आहे. उंचीवर जाऊ नका, पूलच्या कडेला २५ ते ३० भरपूर झालं, उंच पातं ओलं राहतं आणि एका मोसमात झोपतं. त्यापेक्षा रोल उलटा करून पाठ बघा, टाके दाट आहेत का, पाणी जायची भोकं आहेत का. मग एक पात्याचा झुबका चिमटीत धरून जोरात ओढा. हातात आला तर चहा पिऊन निघून या. शेवटची गोष्ट, ऊन सोसायचं रसायन त्यात घातलंय का ते विचारा आणि गॅरंटी लेखी घ्या. आपल्याकडे चटईचे कारखाने आहेत त्यामुळे हे समजायला सोपं, हलक्या मालाची चटई गच्चीवर दोन उन्हाळे पडून राहिली की उचलताना तिचा भुगा होतो, पाहिलंय ना? गवतही त्याच जातीचं प्लास्टिक आहे, फक्त त्याला हिरवं नाव दिलंय.

आखाजीपर्यंत होईल का म्हणाल तर होईल, पण मी असतो तर आत्ता फक्त मुरूम-खडीपर्यंत काम करून तीन फूट फरशी बसवून घेतली असती, बहिणींना तेवढ्यावर आखाजी साजरी करू दिली असती, एक पावसाळा त्या खडीवरून जाऊ दिला असता. कुठं दबतंय, कुठं पाणी थांबतंय ते कळतं. मग दिवाळीनंतर गवत. भर उन्हाळ्यात दुपारी अंथरलेला रोल तापून पसरलेला असतो, तसाच कापून चिकटवला की डिसेंबरच्या थंडीत आकसतो आणि जोडात बोटभर फट.

प्रश्न : भाऊ, आम्ही भुसावळला. मागच्या वर्षी पूलच्या सगळ्या बाजूंनी अगदी काठापर्यंत गवत लावलं. दिसतं फार सुंदर पण एप्रिलपासून दुपारी त्याच्यावर पाय ठेववत नाही, पोरं पाण्यातून निघून तव्यावर उड्या मारल्यासारखी पळतात. लावणारा म्हणाला पाणी मारत जा. दिवसातून किती वेळा मारायचं?

उत्तर : ताई, भुसावळच्या उन्हात तुम्ही तव्यावरच राहता, त्यात अजून एक तवा विकत घेतला. रागावू नका. खरं गवत थंड का लागतं तर ते मुळातून पाणी ओढून पात्यातून हवेत सोडतं, माठासारखं. नकली गवत काही सोडत नाही, नुसतं ऊन पिऊन बसतं. हवा ४४ अंशांवर असली की हे गवत साठीच्या पार जातं. पाणी मारलं की एकदम थंड होतं हे खरं, पण अर्ध्या तासाच्या आत पुन्हा तसंच. म्हणजे दुपारभर पाइप घेऊन उभं राहायचं, आणि पाणी वाचवायला म्हणून तर हे गवत घेतलं होतं!

गंमत बघा, या गवताचं नाव जगात गाजलं ते १९६६ साली अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोम स्टेडियममुळे, तिथूनच ॲस्ट्रोटर्फ हे नाव पडलं. छप्पर असलेलं स्टेडियम, आधी आत खरं गवत होतं, पण छताच्या पारदर्शक तावदानांतून ऊन डोळ्यांवर यायचं आणि खेळाडूंना चेंडू दिसेना, म्हणून तावदानं रंगवली, तर ऊन न मिळून गवत मेलं. मग नकली आणलं. म्हणजे ज्याला ऊन नव्हतं म्हणून आणलं ते आपण भुसावळच्या मेमध्ये उघड्यावर टाकतो.

उपाय दोन. काठापासून तीन फूट गवत कापून काढा आणि तिथं फिकी फरशी बसवा, म्हणजे पाण्यातून निघालेला ओला पाय आधी फरशीवर पडेल. फरशीही तापतेच, पण फिका रंग असला की बराच फरक पडतो आणि तिच्यावर बादलीभर पाणी जास्त वेळ काम करतं. दुसरं सावली. पश्चिमेच्या बाजूला शेडनेट ताणा, नर्सरीवाले वापरतात तीच, दुपारी दोन ते पाच गवतावर पडेल अशी. आणि काळे रबरी दाणे गवतात भरले असतील तर ते आधी काढून टाका, उन्हात तेच जास्त तापतात, वासही मारतात. बाकी सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर पोहायचं हे तर आपली आजीसुद्धा सांगेल.

प्रश्न : धुळ्याला बंगल्याच्या मागे छोटा पूल आहे, बाजूला चांगल्या कंपनीचं गवत लावलं. आठ महिन्यांत त्यावर एक तिरका पट्टा पडलाय, सहा-सात फूट लांब, तिथली पाती वितळून गोळा झालीत. कोणी गरम पाणी सांडलं नाही, फटाके उडवले नाहीत. लावणारा म्हणतो क्लोरिनमुळे झालं. खरंय का?

उत्तर : क्लोरिन नाही. पोहायच्या पाण्यात क्लोरिन १ ते ३ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत एक ते तीन भाग असतं, तेवढ्याने प्लास्टिकला काही होत नाही. पावडरचा डबा सांडला तर रंग उडेल, पण तो डाग गोल नाहीतर वेडावाकडा असेल, सरळ पट्टा नाही पडणार. मला सांगा, पूलकडे तोंड करून बंगल्याला मोठी चकचकीत काच आहे का, हल्ली लावतात ती, बाहेरून आरशासारखी दिसणारी? तसं असेल तर चोर तोच. काचेवरून परत फिरलेलं ऊन एका रेषेत गवतावर पडतं, आणि वरून सरळ पडणारं ऊन आहेच, दोन्ही मिळून पातं मऊ होऊन वितळतं. खात्री करायची असेल तर जिथं पट्टा आहे तिथं दुपारी एक तास बसा, हो, छत्री घेऊन, आणि दर दहा मिनिटांनी उजेडाची तिरीप कुठं सरकते ते खडूने आखा. पट्ट्याशी जुळलं की झालं. मग काचेला बाहेरून जाळी लावा नाहीतर बांबूच्या काड्यांचा पडदा सोडा. आधी काच झाका आणि मगच गवत बदला, उलटं केलं तर नवं गवतही पुढच्या मेपर्यंत तसंच होईल.

प्रश्न : गवत लावल्यापासून आमच्या पूलचं पाणी रोज कमी होतंय. मिस्त्री म्हणतो उन्हाळा आहे, वाफ होते. मला शंका येते. — चोपड्याहून एक वाचक

उत्तर : शंका बरोबर असू शकते. हे माझ्या घरातच घडलंय म्हणून जरा सविस्तर सांगतो. माझ्या आतेभावाच्या मळ्यात पूलच्या कडेला गवत बसवायला दोन पोरं आली होती, कामाला चपळ, दुपारपर्यंत अंथरून मोकळी. कडा उडू नये म्हणून त्यांनी काठाला सहा इंची खिळे ठोकले, दर फुटाला एक. गवत असं ताणून बसलं की आम्ही फोटो काढले. चौथ्या दिवशी पाणी एका पायरीखाली. आम्ही पण वाफच म्हणत होतो, मे होता. रोज टँकर. आतेभाऊ म्हणे यंदा ऊनच तसलं आहे भो. शेवटी आत्याने विचारलं की मग शेजारचं उघडं हौद कसं काय भरलेलं आहे. फिल्टरमधून पूलला परत येणारा दीड इंची पाइप काठापासून हातभर अंतरावर, जेमतेम पाच इंच खोल होता, आणि एक खिळा बरोबर त्याच्यात घुसलेला. खिळ्यानेच भोक बुजवलेलं असल्यामुळे पाणी फवारत नव्हतं, झिरपत होतं, पंप चालू असताना जास्त. खालची काळी माती पिऊन पिऊन फुगली आणि काठाची एक फरशी उचलली गेली, तेव्हा सगळ्यांची खात्री पटली.

तुम्ही हे करा. एक बादली घ्या, पूलच्या वरच्या पायरीवर ठेवा, तिच्यात पूलचंच पाणी भरा, आत आणि बाहेर पाणी सारख्या उंचीवर येईल असं. दोन्हीकडे पेन्सिलने खूण करा. चोवीस तास पोहायचं नाही, पाणी भरायचं नाही. वाफ झाली तर दोन्हीकडे सारखीच होईल. पूलची खूण बादलीपेक्षा जास्त खाली गेली तर गळती. एकदा पंप बंद ठेवून आणि एकदा चालू ठेवून हे करा, चालू असताना जास्त उतरलं तर भिंत नाही, पाइप फुटलाय. मग खिळे ज्या रेषेत ठोकलेत तिथं गवत उचलून ओल कुठं आहे ते बघा.

आणि ज्यांचं अजून व्हायचंय त्यांनी काठाला खिळे ठोकूच देऊ नका, तिथं गोंद वापरा, खिळे फक्त बाहेरच्या कडेला. पाइप आणि दिव्यांची वायर कुठून गेलीय त्याचा पूल बांधतानाचा फोटो असेल तर तो मोबाइलमध्ये शोधा, नसेल तर बांधणाऱ्याला बोलावून चुन्याने रेघ मारून घ्या. वायरीत खिळा गेला तर पाणी नुसतं कमी होऊन थांबणार नाही, तिथं जिवाशी गाठ. पूलच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की लाइन आपोआप तोडणारा स्विच, बसवलाय का ते इलेक्ट्रिशियनला याच आठवड्यात दाखवून घ्या.

प्रश्न : रावेरहून लिहितेय. सुनेच्या हट्टापायी अंगणातल्या छोट्या पूलभोवती गवत टाकलं. धूळ फार बसते, निंबाचा मोहर पात्यात अडकतो, पाणी सुकलं की पांढरे डाग पडतात. शिवाय त्यात भरलेली वाळू पोरांच्या पायाने पूलमध्ये जाते. आणि एक विचारायचं होतं, हसू नका, त्याच्यावर बिबडे (ज्वारीचे पापड) वाळत घातले तर चालतील का, जागा एवढी मोठी आणि ऊन भरपूर.

उत्तर : हसलो नाही अक्का, विचार अगदी व्यवहारी आहे. पण बिबडे नको. कापड अंथरून घातले तरी खालून प्लास्टिक तापतं, पात्यांत पूलचं पाणी, पायांची माती, कुत्र्या-मांजराचं काय काय असतं. आपली गच्ची आणि बाज बरी, ओल्या लुगड्यावर थापलेल्या बिबड्याला खालून वारा लागतो तसा इथं लागणार नाही.

मोहर आणि पाला कडक प्लास्टिकच्या खराट्याने, पाती ज्या बाजूला झुकलीत त्याच्या उलट झाडायचा, पातीही उभी राहतात. लोखंडी दाताळं मात्र नको. पांढरे डाग बोअरच्या जड पाण्याच्या क्षारांचे आहेत, पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घालून खराट्याने घासा आणि भरपूर पाण्याने धुवा, पण पूलपासून दूर ढाळ असेल तरच. वाळूचं म्हणाल तर काठाजवळच्या दोन फुटांतली कोरडी असताना झाडून काढून टाका, तिथं वजनाची गरज नाही, गोंद आहे. बाहेरच्या कडेची राहू द्या, कारण तुमच्याकडे मेच्या शेवटी जो वारा सुटतो तो केळीचे बाग आडवे करतो, त्याला गवताची मोकळी कड काय जड आहे.

सुनेला रागवू नका, पण खराटा तिच्या हातात द्या.

प्रश्न : शिरपूर तालुका. गवत नवीन आहे, आमच्या शेळीने कोपरा उपटून बरंच खाल्लं. गवताला पॅच कसा मारायचा?

उत्तर : गवताचं राहू द्या हो, शेळी कशी आहे? प्लास्टिकचे धागे तिच्या पोटात पचत नाहीत, गोळा होऊन बसतात. रवंथ करतेय का, लेंड्या टाकतेय का बघा, आणि करत असली तरी आजच जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. पॅच सोपा आहे, फाटलेला भाग पाठीमागून चौकोनी कापा, पाती त्याच दिशेची राहतील असा तेवढाच तुकडा उरलेल्या रोलमधून काढा, खाली जोडाची पट्टी आणि गोंद, वर रात्रभर वीट. पण तो शेळीला घरी आणल्यावर, आणि मध्ये तारेचं कुंपण घातल्यावर.